मालमोटारीच्या पाठीवरील तीन शब्द

सार्वजनिक फलकांची भाषा समीक्षेच्या कक्षेत येत नाही, असा समज सर्वत्र रूढ आहे. असे फलक उपयोगापुरते लिहिले जातात आणि वाचून विसरले जातात. परंतु ज्या वाक्याच्या वाचनावर वाचणाऱ्याचा जीव अवलंबून आहे असे वाक्य लिहिणारेच सांगतात, त्याची रचना तपासून पाहणे अनाठायी ठरू नये. लंडनच्या रस्त्यांवर काही काळ सर्रास दिसणारे असेच एक वाक्य येथे विचारार्थ घेतले आहे.

'ट्रान्सपोर्ट फॉर लंडन' या त्या शहराची वाहतूक सांभाळणाऱ्या संस्थेने २०१३ च्या सुमारास मालमोटारींच्या मागील बाजूस लावण्यासाठी एक पाटी प्रसृत केली. तिच्यावर 'सायक्लिस्ट्स स्टे बॅक' एवढे तीनच शब्द होते. पुढे ही पाटी बसगाड्या, टॅक्सी आणि लहान व्हॅन यांच्यावरही झळकू लागली. सायकलस्वारांच्या संघटनांनी, तसेच अपघातग्रस्तांच्या कुटुंबियांसाठी काम करणाऱ्या 'रोडपीस' या संस्थेने तिला हरकत घेतली आणि २०१४ मध्ये शब्दयोजना बदलण्यात आली. हा सारा वाद पाटीच्या उर्मट सुरापुरता होता असे मानले, तर त्यातील मुख्य मुद्दा हातून निसटतो. सूर सौम्य करून, एखादे 'कृपया' जोडूनही त्या वाक्याचा दोष गेला नसता.

तो दोष कोठे आहे हे मराठीत भाषांतर करू लागताच ध्यानात येते. इंग्रजीतील पहिला शब्द संबोधन आहे की कर्ता आहे, हे तेथे संदिग्ध राहू शकते. मराठीला ही मोकळीक नाही. 'सायकलस्वारांनो, मागे राहा' असे म्हटले की ती समोरासमोरची आज्ञा होते. 'सायकलस्वारांनी मागे राहावे' असे म्हटले की तो एका वर्गासाठी घालून दिलेला नियम होतो. कोणतेही रूप घेतले तरी ऐकणारा तेवढा स्पष्ट आहे आणि बोलणारा अदृश्य आहे. बोलतो कोण? पाटी छापणारी संस्था, ती लावणारा मालक, की गाडी चालविणारा? चालकाने तर हे वाक्य लिहिलेलेही नाही. तरी रस्त्यावर ते त्याच्याच तोंडी पडते. याहून महत्त्वाचे असे की, ज्याची भीती बाळगावयाची त्या गोष्टीचा वाक्यात उल्लेखच नाही. मालमोटार, तिचे वळण, तिची चाके यांपैकी काहीही तेथे येत नाही. अपघाताच्या साऱ्या कारणपरंपरेतून एकच दुवा उचलला आहे, आणि तो म्हणजे सायकलस्वाराने उभी राहण्यासाठी निवडलेली जागा.

वाक्य कोठे लिहिले आहे, हाही त्याच्या अर्थाचा भाग असतो. ही पाटी वाहनाच्या पाठीवर असल्यामुळे जो मागे आहे त्यालाच ती वाचता येते. म्हणजे आज्ञेचे पालन जो आधीच करीत आहे त्यालाच ती आज्ञा मिळते. इंग्लंडमध्येही भारताप्रमाणे डाव्या बाजूने वाहने चालतात आणि तेथील मालमोटारींचे सायकलस्वारांशी होणारे ठळक अपघात डावीकडच्या वळणावर होतात. लांब गाडी डावीकडे वळण्यापूर्वी अनेकदा किंचित उजवीकडे झुकते. डाव्या अंगाला मोकळी वाट पडल्यासारखी दिसते, आणि गाडी वळू लागली की मागील चाके पुढील चाकांपेक्षा आतल्या अंगाने जाऊन ती वाट मिटवून टाकतात. येथपर्यंत येण्याचे मार्ग मात्र दोन आहेत. एकात, सिग्नलला थांबलेल्या गाडीच्या डावीकडून सायकलस्वार पुढे सरकतो. दुसऱ्यात, सरळ चाललेल्या सायकलस्वाराला गाडीच मागून येऊन ओलांडते आणि लगेच डावीकडे वळते. दुसऱ्या प्रकारात पाटी त्याच्या दृष्टीस पडण्यापूर्वीच गाडी त्याच्या अंगावर आलेली असते. आणि पाटी दिसलीच, तर तिचा अर्थ 'ब्रेक लाव आणि वाट दे' असा होतो. ओलांडून जाणाऱ्याचे कर्तव्य ओलांडला गेलेल्याच्या गळ्यात पडते. बसगाड्यांच्या बाबतीत तर, थांब्याशी येण्यासाठी त्या वारंवार सायकलस्वाराला ओलांडतात, हे रोजच्या पाहण्यातले आहे. टॅक्सीवर ही पाटी लावण्याचे समर्थन कोणत्या तर्काने करावयाचे, हे समजणे कठीण आहे.

पहिल्या प्रकारापुरता इशाऱ्यात तथ्यांश आहे, हे नाकारता येत नाही. लंडनच्या पोलिसांनी सायकलस्वारांना मालमोटारीच्या चालकाच्या आसनावर बसवून खालचे किती दिसत नाही हे दाखविण्याचा उपक्रम चालविला. त्या उंचीवरून पाहिल्यावर गाडीला खेटून उभे राहण्याचे धाडस सहसा कोणी करणार नाही. पण या अनुभवातून दोन निष्कर्ष निघतात. सायकलस्वाराने तेथे जाऊ नये, हा एक. जिच्यातून इतके थोडे दिसते अशी गाडी गर्दीच्या शहरात आणावी काय, हा दुसरा. पाटीने पहिला उचलला आणि दुसऱ्याची वाच्यता केली नाही.

कायद्याच्या दृष्टीनेही हे मौन निरुपद्रवी नाही. इंग्लंडच्या १९७७ च्या कायद्यान्वये धंदा करणाऱ्याला केवळ सूचना लावून आपल्या निष्काळजीपणाने झालेल्या मृत्यूची वा शारीरिक इजेची जबाबदारी झटकता येत नाही. म्हणजे पाटीमुळे कोणी मुक्त होत नाही. तथापि १९४५ च्या कायद्याने, नुकसानीत जखमी व्यक्तीचाही दोष असल्यास भरपाई त्या प्रमाणात कमी होते. जबाबदारी नाकारणारी सूचना न्यायालयात टिकत नाही. परंतु 'याला इशारा दिलेला होता' हे म्हणण्याची वाट ती मागच्या दाराने उघडी ठेवते. आक्षेप घेणाऱ्यांची चिंता येथे होती आणि ती रास्तच होती.

२०१४ च्या नव्या पाटीवर 'ब्लाइंड स्पॉट टेक केअर' असे शब्द आले. आज्ञा गेली, जपण्याचा सल्ला आला, आणि तो कोणा एका वर्गापुरता राहिला नाही. सुधारणा निःसंशय मोठी आहे. पण 'आंधळी जागा' ही शब्दजोडी तपासून घेतली पाहिजे. जागा आंधळी नसते. 'चालकाला येथील दिसत नाही' असे सरळ मराठी करताच कोणाला दिसत नाही हे सांगावे लागते, आणि का दिसत नाही हा प्रश्न पाठोपाठ येतो. उत्तर केबिनच्या उंचीत, खिडकीच्या खालच्या कडेत आणि दरवाजाच्या पत्र्यात आहे. ती जागा निसर्गाने नव्हे, आराखडा काढणाऱ्याने निर्माण केली आहे.

नंतरच्या नियमांचा प्रवास याच दिशेने झाला. १ सप्टेंबर २०१५ पासून लंडनमध्ये ३.५ टनांवरील मालमोटारींना बाजूचे संरक्षक कठडे आणि जवळचे दाखविणारे जादा आरसे आवश्यक झाले. देशातील नियमांतून कठड्यांची सूट मिळालेल्या बांधकामाच्या गाड्याही त्यात आल्या. आरशांनी भागले नाही, कारण वळणाच्या दोनतीन क्षणांत सगळे आरसे पाहणे मनुष्याच्या आटोक्याबाहेरचे आहे. म्हणून १२ टनांवरील गाड्यांसाठी, चालकाला खिडकीतून प्रत्यक्ष किती दिसते यावर शून्य ते पाच तारे देणारे मानक आले आणि १ मार्च २०२१ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली. त्यानंतर, २९ जानेवारी २०२२ रोजी ब्रिटिश हायवे कोडमध्ये, जो अधिक हानी करू शकतो त्याच्यावर काळजीचा भार अधिक, असे तत्त्व नमूद झाले. इतरांची जबाबदारी त्याने संपत नाही, हेही तेथेच म्हटले आहे. सरळ जाणाऱ्या सायकलस्वाराला आडवे जाऊन वळू नये, हा नियमही त्याच दुरुस्तीतला. तीन शब्दांच्या पाटीने ज्याचे नावही घेतले नव्हते, त्याला उद्देशून हा नियम आहे.

मराठी वाचकाला मालमोटारीच्या पाठीवरील वाङ्मय अपरिचित नाही. 'हॉर्न ओके प्लीज' या शब्दांवर महाराष्ट्र शासनाने २०१५ मध्ये बंदी घातली, कारण त्यांच्यामुळे कर्कश भोंग्यांना उत्तेजन मिळते. त्या वाक्याचे काम वेगळे होते: पाठचे दिसत नाही ही चालकाची कबुली त्यात गर्भित होती. 'अंतर ठेवा' ही सूचनाही मोटारीला, दुचाकीला, सर्वांनाच सारखी लागू आहे. लंडनच्या पाटीने रस्त्यावरील सर्वांत कमी वजनाच्या वाहनाला एकटे निवडून काढले होते.

२८ ऑक्टोबर २०२४ पासून लंडनमध्ये तीनहून कमी तारे असलेल्या मालमोटारींना कॅमेरे, सायकलस्वाराची चाहूल घेणारी यंत्रे आणि डावीकडे वळताना बोलणारा गजर बसवूनच परवाना मिळतो. परवान्याविना गाडी आणल्यास ५५० पौंडांचा आकार ती चालविणाऱ्या धंद्याकडून वसूल होतो. त्या साधनांच्या यादीत पाठीवरच्या इशाऱ्यालाही एक जागा आहे.