प्रेतपट आणि दोषविचार

गेल्या सत्राच्या अखेरीस माझ्याकडे साहित्यशास्त्र शिकणाऱ्या चार विद्यार्थ्यांनीं एक वही माझ्यापुढें आणून ठेवली. तींत 'वर्ल्ड वॉर झी' या २०१३ सालच्या अमेरिकन चित्रपटांतील चुकांची यादी होती. मोजून अठ्ठेचाळीस कलमें भरलीं. कोणता डाग कोणत्या दृश्यांत नाहींसा झाला, कोणत्या मोटारीची कांच फुटल्यावर पुन्हां सांधली गेली, असल्या गोष्टी त्यांनीं चित्र थांबवून थांबवून टिपल्या होत्या. हल्लीं पाहणाराच्या हातीं काळ थांबविण्याची कळ आली आहे. तिच्यामुळें रसिकाचा पंच होण्यास वेळ लागत नाहीं. "सर, इतक्या चुका असलेल्या कृतीला चांगली कसें म्हणावें?" असा त्यांचा प्रश्न होता. मीं चित्रपट दोनदां पाहिला. यादीचा अर्ध्याहून अधिक भाग निरर्थक आहे, आणि सर्वांत मोठी चूक तींत नाहींच, असें माझें मत झालें.

ज्यांनीं हा चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठीं कथा थोडक्यांत सांगतों. एक नवी सांथ जगभर पसरते. जो चावला जाईल तो मरतो आणि क्षणार्धांत उठून दुसऱ्याला चावण्यास धांवतो. अशा उठलेल्या मृताला इंग्रजींत झॉम्बी म्हणतात. मूळ कल्पना हैतीमधील लोकसमजुतींतली. (मराठींत झोंबी म्हणजे अंगाशीं अंग भिडवून केलेली झटापट, उच्चारसाम्य योगायोगाचें, पण अगदींच विजोड नव्हे.) संयुक्त राष्ट्रांच्या चाकरींतून निवृत्त झालेला जेरी लेन हा तपासनीस, म्हणजे ब्रॅड पिट, या सांथीचें मूळ शोधण्यासाठीं फिलाडेल्फियाहून निघून कोरिया, जेरुसलेम आणि शेवटीं वेल्स असा प्रवास करतो. दिग्दर्शक मार्क फॉर्स्टर. मॅक्स ब्रूक्स यांच्या २००६ सालच्या कादंबरीचें नांव घेतलें आहे. तिच्यांतील युद्धोत्तर मुलाखतींची रचना आणि मंदगति प्रेतें मात्र सोडून दिलीं आहेत.

आतां दोष कशास म्हणावें? मम्मटानें 'काव्यप्रकाशां'त याचें उत्तर नेमकें दिलें आहे. मुख्य अर्थाचा, म्हणजे रसाचा, घात जेथें होतो तेथें दोष. भामह व दंडी यांनीं देशविरोध, कालविरोध, लोकविरोध, शास्त्रविरोध असे प्रकार सांगितले खरे, पण मुख्यार्थाला धक्का लागला कीं नाहीं ही कसोटी त्या सर्वांना लावावयास हवी. तिकडे अरिस्टॉटलहि हेंच म्हणतो. हरिणीला शिंगें नसतात हें चित्रकाराला ठाऊक नसणें हा लहान अपराध. हरिणी ओळखूंच येऊं नये अशी काढणें हा मोठा. डागांची आणि कांचांची कलमें मीं पडताळूनहि पाहिलीं नाहींत. ज्या क्षणीं प्रेक्षकाचा श्वास अडकलेला असतो त्या क्षणीं तो कांच पाहत नाहीं. आणि पाहत असेल तर दिग्दर्शकाचा अपराध कांचेचा नसून श्वासाचा आहे.

देशविरोधाचें ठळक उदाहरण वहींत पहिल्याच पानावर होतें. आरंभींचें फिलाडेल्फिया हें फिलाडेल्फिया नव्हे. स्कॉटलंडांतील ग्लासगो शहरीं, जॉर्ज स्क्वेअरच्या परिसरांत, २०११ च्या ऑगस्टमध्यें तें चित्रण झालें, आणि तेथील नगरभवन ओळखणारा ओळखतो. जेरुसलेमहि असेंच माल्टा बेटावर उभारलेलें आहे. मला यांत कांहींच आक्षेपार्ह वाटत नाहीं. या दृश्याला फिलाडेल्फिया नको, रहदारींत अडकलेलें कोणतेंहि मोठें शहर हवें आहे. वडील मोटार चालवीत आहेत, मागें दोन मुली बसल्या आहेत, आणि पुढचा रस्ता कां थांबला हें कोणासच कळत नाहीं. तेवढें ग्लासगोनें पुरविलें.

या पहिल्या पंधरा मिनिटांतच चित्रपट आपला नियम घालून देतो, आणि तो ज्या रीतीनें घालतो ती फार चांगली आहे. रस्त्यावर एक माणूस चावला जातो. जवळच कोठल्याशा खेळण्यांतून आंकडे मोजण्याचा आवाज येत असतो. बारा आंकडे होतात न होतात तोंच तो माणूस उठतो. कोणी व्याख्यान देत नाहीं. थोड्याच वेळानें दुसऱ्या शहरांतील एका इमारतीच्या गच्चीवर जेरीच्या तोंडांत बाधित माणसाचें रक्त उडतें. तो धांवत गच्चीच्या कडेवर जाऊन उभा राहतो आणि मोजूं लागतो. तो कां मोजतो, कडेवरच कां उभा राहिला, हें बायकोला कळत नाहीं, प्रेक्षकाला कळतें. आपण उठलों तर आपल्याच मुलींवर झडप घालूं, तत्पूर्वीं खालीं पडलेलें बरें. पुढें जेरुसलेममध्यें सेगेन या तरुण सैनिक मुलीच्या हाताला चावा बसतो. जेरी तो हात तोडतो आणि पुन्हां मोजतो. वैद्यकाच्या दृष्टीनें बारा सेकंद ही थट्टाच आहे. विसाव्यांत असलेल्या शरीरांत रक्ताची एक फेरी पुरी होण्यास सुमारें एक मिनिट लागतें, आणि चाव्यानें जडणारा खरा रोग, अलर्क, बहुधा आठवडे किंवा महिने घेऊन मेंदूपर्यंत पोंचतो. पण ती चूक मला दोष वाटत नाहीं. तो अंगीकार आहे. एवढें माना, पुढचें मी दाखवितों, असें कथाकार म्हणतो. आपण मान्य करतों. मात्र हा करार दोघांवर बंधनकारक असतो.

तो करार मोडतो तो असा. ही सांथ विमानांनीं जगभर पसरली असें चित्रपटांत सांगितलें जातें. ती कशी? जो चावल्यापासून बाराव्या सेकंदाला धांवून जाऊन दुसऱ्यास चावतो, तो तिकीट काढून विमानांत बसणार केव्हां? खरी सांथ प्रवास करते ती तिच्या संथपणामुळें. १९१८ च्या जूनमध्यें इन्फ्लुएन्झा मुंबई बंदरांत उतरला आणि आगगाडीच्या रुळांवरून देशभर गेला, तो चालत्याबोलत्या, अजून धडधाकट वाटणाऱ्या माणसांच्या अंगांत बसून. २०२० सालीं चौदा दिवस घरांत कोंडून घेतलेल्या वाचकाला हें समजावून सांगण्याची आवश्यकता नाहीं. त्या चौदा दिवसांचें सारें मर्म हेंच होतें कीं रोगी आणि निरोगी यांत डोळ्यांना भेद दिसत नाहीं. आरंभींच्या रोग्यांस अवधि अधिक लागत असेल, असें कोणी म्हणेल. असेलहि, पण मग ज्या एका नियमावर गच्चीचें आणि हाताचें दृश्य उभें आहे, तो नियम सैल झाला. विमानांतील प्रसंगीं हीच गोष्ट पुन्हां घडते. जेरुसलेमहून निघालेलें विमान साडेतीन हजार किलोमीटरांवर अंतर तोडून वेल्सजवळ येतें, आणि मागच्या बाजूच्या एका कपाटवजा जागेचें दार उघडतांच आंतून प्रेत झेप घेतें. चावलेला मनुष्य बारा सेकंदांत कपाटांत शिरून दार कसें लावून घेतो, हें कलम विद्यार्थ्यांच्या वहींत होतें. त्याला मीं पूर्ण गुण दिले.

वेल्समधील शेवट मूळचा नव्हे, हें येथें सांगावयास हवें. आधीं मॉस्कोमध्यें मोठें रणकंदन दाखविणारा शेवट चित्रित झाला होता. तो टाकून देऊन डेमन लिंडेलॉफ व ड्रू गॉडर्ड यांच्याकडून नवा लिहून घेतला, आणि त्या खटपटींत प्रकाशन डिसेंबर २०१२ वरून जून २०१३ वर गेलें. सांधा दिसतो. विमान कोसळतें, जेरीच्या पोटांत लोखंड घुसतें, आणि तीन दिवसांनीं तो चोरपावलांनीं हिंडूं लागतो. जागतिक आरोग्य संघटनेचें मुख्यालय जिनीव्हास आहे. घातक रोगजंतूंचे सांठे ती वेल्समध्यें स्वतःच्या तळघरांत ठेवीत नाहीं, ते त्या त्या राष्ट्रांच्या प्रयोगशाळांत असतात, आणि देवीच्या विषाणूचे अधिकृत सांठे तर जगांत दोनच, अटलांटा आणि रशियांतील कोल्त्सोवो येथें. तरीहि हा शांत, पावलांचा आवाज ऐकणारा शेवट मला रणकंदनापेक्षां अधिक आवडला.

परंतु याच शेवटांत जी चूक आहे तिला क्षमा करतां येत नाहीं. प्रेतें आजारी माणसाला टाळतात, हें जेरीनें वाटेंत निरीक्षणानें ओळखलेलें असतें; म्हणून तो स्वतःला रोगजंतु टोंचून घेतो आणि कांहीं मिनिटांतच प्रेतें त्याच्या बाजूनें निघून जातात. रोगजंतु अंगांत शिरणें आणि रोग होणें यांत तासांचें, बहुधा दिवसांचें अंतर असतें. टोंचून घेतलेला जेरी त्या घटकेला आजारी नसतो. तो फक्त आजारी पडणार असतो. ज्या चित्रपटांत नायक तरवारीनें किंवा बंदुकीनें जिंकतो, तेथें असलें अज्ञान मीं हंसून सोडलें असतें. येथें नायकाचें शस्त्रच निरीक्षण आहे. ज्ञानानें विजय मिळतो हाच येथें मुख्य अर्थ. त्यामुळें शास्त्रविरोध नेमका मर्मीं लागतो.

आतां वहींत नसलेली चूक. जेरुसलेमभोंवतीं भिंत वेळेवर कशी बांधून झाली, असें जेरी तेथील हेरखात्याच्या अधिकाऱ्यास विचारतो. तो सांगतो कीं, एका हिंदी सेनापतीचा संदेश आमच्या हातीं पडला. त्यांत आपण राक्षसांशीं लढत आहों असें म्हटलें होतें. राक्षस म्हणजे झॉम्बी, मेलेले पण न मेलेले. माझे चारी विद्यार्थी मराठी, आणि एकाच्याहि कानाला हें खटकलें नाहीं! राक्षस मेलेला नसतो. तो जन्मतो, विवाह करतो, राज्य करतो, तप करतो. रावण पुलस्त्याचा नातू आणि विद्वान. बिभीषण रामाचा आश्रित. भीमाचा मुलगा घटोत्कच पांडवांच्या बाजूनें लढून पडला, आणि पडल्यावर पुन्हां उठला नाहीं. मेल्यावर उठणाऱ्यांसाठीं आपल्याकडे शब्दांची वाण नाहीं: प्रेत, पिशाच्च, समंध, खवीस, हडळ. प्रेतांत शिरून त्यास चालविणारा वेताळ तर अगदीं जवळचा. कोंकण-गोव्यांत त्याचीं देवळें आहेत. आपल्या सेनापतीनें राक्षस म्हटलें असेल तर तें रागानें, जसें आपण क्रूर माणसाला म्हणतों तसें. भाषांतरकारानें रूपकाचा वाच्यार्थ केला, आणि त्यावर भिंत उभी राहिली.

त्या अधिकाऱ्याचें समर्थन असें कीं, १९७३ च्या युद्धांत गाफील राहिल्यापासून आमच्यांत एक प्रघात आहे: नऊ जण एकमत झाले तर दहाव्यानें विरुद्ध बाजू घेऊन शोध केलाच पाहिजे. कल्पना सुंदर आहे. पण आपल्या वेदान्तांतली दहाव्याची गोष्ट मला आठवली. नदी उतरून आल्यावर प्रत्येकजण इतरांना मोजतो, स्वतःला विसरतो, आणि दहावा बुडाला म्हणून सगळे रडत बसतात. जेरुसलेमच्या दहाव्यानें बाहेरचें सर्व मोजलें. आवाजानें प्रेतें चवताळतात. तरी भिंतीच्या आंत ध्वनिक्षेपकावर गाणें सुरू होतें, वर हेलिकॉप्टरें घरघरत असतात, आणि त्या आवाजासरशीं बाहेरचीं प्रेतें एकमेकांच्या खांद्यांवर चढत भिंत ओलांडतात. येथें चूक शहराची मानावी कीं पटकथेची, हें मला दोन्हीं खेपांस ठरवितां आलें नाहीं. शहराची मानली तर हा चित्रपटांतला सर्वांत करुण प्रसंग होतो.

राक्षसाचें एकोणपन्नासावें कलम मीं माझ्या हातानें लिहून वही परत केली. त्यावर एकानें विचारलें, "मग सर, झॉम्बीला मराठींत म्हणावें तरी काय?" मी अजून विचार करीत आहें. प्रेत म्हणावें तर तें धांवत नाहीं. वेताळ म्हणावें तर तो गोष्टी सांगतो.