अध्यक्ष आणि बिशप : नागपूरचे अँग्लिकन बिशपपद व बुलढाणा जिल्हा

एअर चॅटर्टन हे नागपूरच्या अँग्लिकन धर्मप्रांताचे पहिले बिशप. १९०३ ते १९२६ पर्यंत ते त्या पदावर होते आणि १९२४ मध्ये त्यांनी इंग्लंडच्या चर्चचा हिंदुस्थानातील इतिहास ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला. ग्रंथाची मांडणी बिशपांच्या परंपरेस धरून आहे. प्रथम १८१४ साली कलकत्त्यास नेमलेले मिडल्टन, मग हीबर, आणि पुढे एकेक धर्मप्रांत. इंग्लंडमधील जुन्या धर्मप्रांतांचे इतिहास याच रीतीने लिहिले जातात व तेथे ती रीत शोभूनही दिसते. कारण तेथे पीठ, प्रदेश आणि लोक शतकानुशतके एकत्र नांदत आले आहेत. नागपूरच्या पदाबाबत हे गृहीत धरता येत नाही. बिशपांची चरित्रे एकापुढे एक ठेवली म्हणजे पदाचा इतिहास झाला, ही चॅटर्टन यांची समजूत किती अपुरी आहे हे पाहावयाचे असेल, तर धर्मप्रांताच्या पश्चिम टोकास असलेल्या बुलढाणा जिल्ह्याकडे पाहावे.

वऱ्हाड हा निजामाचा मुलूख. १८५३ च्या तहाने तो इंग्रजांच्या कारभाराखाली आला, १९०२ च्या कराराने कायमच्या पट्ट्याने गेला आणि १९०३ मध्ये मध्यप्रांतास जोडला गेला. नागपूरचे बिशपपद सुरू झाले ते याच सुमारास. त्याच्या कक्षेत मध्यप्रांत व वऱ्हाड यांच्याबरोबर मध्य हिंदुस्थान आणि राजपुतानाही होता. मेहकर-चिखलीचा मराठी शेतकरी आणि अजमेरचा रहिवासी या दोघांना एका बिशपाखाली आणणारे सूत्र भाषेचे नव्हते, श्रद्धेचेही फारसे नव्हते. ते केवळ राज्यकारभाराच्या सोयीचे होते. पुढे १९२९ मध्ये नाशिकचा धर्मप्रांत निराळा झाला, तेव्हा बुलढाण्याच्या शेजारचे मराठी मुलूख त्याच्याकडे गेले. बुलढाणा मात्र नागपूरकडेच राहिला. ‘धर्मप्रांत’ हा मराठी शब्द या दृष्टीने अनपेक्षितपणे अचूक ठरतो. ज्या मूळ ग्रीक शब्दाचे हे भाषांतर, तोही रोमन साम्राज्याच्या मुलकी विभागाचा वाचक होता.

बिशप या शब्दाची कथा अधिक गुंतागुंतीची आहे. मूळ ग्रीक शब्द ‘एपिस्कोपोस’, म्हणजे वरून पाहणारा, देखरेख करणारा. लॅटिनमधून तो पोर्तुगीजांत गेला व कोकणीत ‘बिस्प’ झाला; इंग्रजीतून मराठीत ‘बिशप’ आला. परंतु मराठी बायबलात, तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात, त्याच ग्रीक शब्दासाठी ‘अध्यक्ष’ हा शब्द योजलेला आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने इतका चपखल प्रतिशब्द क्वचितच सापडतो. ‘एपि’ म्हणजे ‘अधि’, आणि पाहण्याचा अर्थ ‘अक्ष’ या पदात आहेच. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दुसऱ्या अधिकरणाचे नाव ‘अध्यक्षप्रचार’ असे आहे. तेथील सुवर्णाध्यक्ष, सीताध्यक्ष, नावध्यक्ष हे राजाने नेमलेले, राजाच्या कोशातून वेतन घेणारे देखरेखीचे अधिकारी होत.

मात्र आधुनिक मराठीत अध्यक्ष म्हणजे सभेने निवडलेला, मुदत संपताच खुर्ची सोडणारा मनुष्य. (साहित्य संमेलनाच्या अध्यक्षांकडून देखरेखीची अपेक्षा कोणी केल्याचे ऐकिवात नाही.) सामान्य वाचकाला पत्रातील अध्यक्ष आणि नागपूरचा बिशप हे एकाच शब्दाचे दोन अवतार आहेत हे सहसा उमगत नाही. गंमत अशी की वसाहतकाळातील बिशप हा कौटिल्याच्या अध्यक्षालाच अधिक जवळचा होता. १८१३ च्या कायद्याने कलकत्त्याच्या बिशपास वर्षाला ५,००० पौंड वेतन ठरवून दिले, ते हिंदुस्थानच्या महसुलातून.

हा शब्दभेद बुलढाण्यात केवळ कोशापुरता राहिला नाही. अकोला, खामगाव, बुलढाणा या भागांत मराठीतून धर्मप्रसार केला तो मुख्यतः अमेरिकन अलायन्स मिशनने, आणि त्या मिशनमध्ये बिशप हे पदच नव्हते. तेथील मंडळ्यांना अध्यक्ष माहीत होता तो पवित्र ग्रंथातला. बिशप हा नागपूरच्या सरकारी चर्चचा अधिकारी होता. अँग्लिकनांचे एतद्देशीयांमधील काम दूर पूर्वेस, चांद्याकडे. चॅटर्टन यांच्यानंतर १९२६ मध्ये आलेले अ‍ॅलेक्स वुड हेही मूळ चांद्याच्या मिशनमधलेच. स्वतः चॅटर्टन यांनी १९१६ मध्ये गोंडवनाचा इतिहास लिहिला. त्यातील गोंडांविषयीची आस्था खरी आहे व तिचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे. परंतु वऱ्हाडातील मराठी मंडळ्यांना त्यांच्या चर्चेतिहासात स्थान मिळू शकत नाही. बिशपांची परंपरा हेच ज्या इतिहासाचे सूत्र, त्याला बिशपाविना चाललेले जीवन दिसणार कोठून?

हिंदुस्थानातील अँग्लिकन चर्च १९३० मध्ये इंग्लंडच्या चर्चपासून कायद्याने विभक्त झाले. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली, आणि बिशप नसलेल्या परंपरांनीही ते पद स्वीकारले, पण राजनियुक्त म्हणून नव्हे, घटनेने बांधलेले व निवडीचे म्हणून. त्यायोगे बिशप प्रथमच मराठीतील आजच्या अर्थाने अध्यक्ष झाला. वऱ्हाडातील अलायन्सच्या मंडळ्या त्या ऐक्यात सामील झाल्या नाहीत.