भुताचा नियम आणि कथानकातील छिद्रे : ‘भूतनाथ’च्या निमित्ताने

चित्रपटातील चुका हुडकून काढणे हा प्रेक्षकांचा आता एक स्वतंत्र छंदच झाला आहे. एका चित्रचौकटीत भरलेला पेला पुढच्या चौकटीत रिकामा असतो, भिंतीवरच्या घड्याळाचे काटे संवादाच्या मध्यावर मागे जातात. दृश्य थांबवून पाहण्याची सोय घरोघरी झाल्यापासून या छंदाला बहर आला. तो निरुपद्रवी आहे. पण कंटिन्युइटीची चूक आणि कथानकातील छिद्र यांत तो सहसा भेद करीत नाही. पहिली संकलनाच्या टेबलावर घडते, दुसरे संहितेच्या मुळाशी असते. कौटुंबिक भूतपटाचा विचार करताना हा भेद विशेष महत्त्वाचा ठरतो, कारण या चित्रप्रकाराचा नायकच मुळात एक असंभाव्यता असतो.

भूत भिंतीतून आरपार जाते. मग जमीन त्याला कशी तोलून धरते? हा प्रश्न प्रेक्षक विचारीत नाही. अशक्य असूनही पटणारे हे शक्य असून न पटणाऱ्यापेक्षा कवीने पसंत करावे, असे ‘पोएटिक्स’च्या चोविसाव्या प्रकरणात ॲरिस्टॉटल सांगतो, ते येथे लागू पडते. प्रेक्षक अशक्याला हरकत घेत नाही. मात्र एकदा घालून दिलेला नियम पाळला जावा, एवढी त्याची अपेक्षा असते. आनंदवर्धनाने अनौचित्याला रसभंगाचे कारण मानले, तेही या अंगाने पाहता येईल. भूतपटात औचित्य म्हणजे भुताचा स्वतःचा नियम : ते का अडकले आहे, कोणाला दिसते आणि कशाने सुटेल.

२००८ साली विवेक शर्मा यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘भूतनाथ’चे मूळ ऑस्कर वाइल्डच्या ‘द कँटरव्हिल घोस्ट’ (१८८७) या कथेत शोधले जाते. या कथेत कंटिन्युइटीची एक चूक अजरामर झाली आहे. सर सायमनने १५७५ मध्ये पत्नीचा खून केला, त्या जागी पडलेला रक्ताचा डाग अमेरिकन ओटिस कुटुंबातील थोरला मुलगा पिंकर्टनच्या डागनाशकाने पुसून टाकतो. दुसऱ्या दिवशी डाग पुन्हा हजर. पण त्याचा रंग पालटत जातो : कधी तांबडा, कधी शेंदरी, कधी जांभळा आणि एकदा तर चक्क पाचूसारखा हिरवा. भूत व्हर्जिनियाच्या रंगपेटीतले रंग चोरून डाग रंगवीत होते आणि तांबडे रंग संपत आले होते, हा उलगडा पुढे होतो. चुकीला वाइल्डने कथानकात कामाला लावले. याउलट, भुताबरोबर भिंतीपलीकडे गेलेल्या व्हर्जिनियाने तेथे काय पाहिले हे कथा अखेरपर्यंत सांगत नाही. नवऱ्याने विचारले तरी ती सांगत नाही. हे छिद्र नव्हे. वोल्फगांग इझर ज्याला वाचकाने भरावयाची रिक्त जागा म्हणतो, ती ही. मृत्यूपलीकडच्या क्षमेबद्दल बोलताना लेखकाने बाळगलेला तो संयम आहे.

वाइल्डच्या भुताचा नियम त्याच्या अपराधातून आलेला आहे. तो खुनी आहे. एका निष्पाप मुलीने त्याच्यासाठी अश्रू ढाळावेत आणि प्रार्थना करावी, तेव्हाच त्याला शांती लाभेल. ज्यूल्स डॅसिनच्या १९४४च्या चित्रपटाने अपराध बदलून भ्याडपणाचा केला आणि त्याबरोबर सुटकेची अटही बदलली : वंशजाने शौर्य गाजवावे. रूपांतर म्हणून ते सरस की नीरस हा प्रश्न वेगळा, पण हिशेब जुळतो.

‘भूतनाथ’मध्ये नेमका हा हिशेब चुकतो. गोव्यातील नाथ व्हिलात अडकलेल्या कैलाशनाथने काहीच अपराध केलेला नाही. घर सोडून निघालेल्या मुलाला थांबवताना जिन्यावरून पडून त्याचा मृत्यू झाला आहे. अपराध असलाच तर तो जिवंतांचा. हे कथासूत्र वाइल्डचे नव्हे. ‘बागबान’चे (२००३) आहे. दोन्ही चित्रपट बी. आर. फिल्म्सचे, दोहोंमागे रवी चोप्रा, दोहोंत उपेक्षित पिता अमिताभ बच्चन. ‘बागबान’मधला बाप लेखक होऊन मुलांना जाहीरपणे सुनावू शकला, येथल्या बापाला त्यासाठी मरावे लागले. वाइल्डच्या सांगाड्यावर ‘बागबान’चे मांस चढविले गेले आणि सांधा जेथे नीट बसला नाही, तेथे छिद्र पडले.

चित्रपटाचा उपाय श्राद्धाचा आहे. श्राद्ध होते, भूतनाथ मुक्त होतो, डोळे पाणावतात. आणि त्यानंतर अखेरच्या प्रसंगात तो पुन्हा बंकूसमोर उभा राहतो! पुढच्या भागाची ती जाहिरात आहे हे उघड आहे, पण व्यावसायिक सोय एवढ्यावर प्रकरण मिटत नाही. धर्मशास्त्रात श्राद्ध आणि मोक्ष या एकच गोष्टी नाहीत. सपिंडीकरणाने प्रेताचा पितर होतो. पितर कुळाशी बांधलेलाच राहतो, वर्षाला त्याला बोलावणे जाते. मोक्ष मात्र सर्व नाती तोडतो. चित्रपट श्राद्धाचा विधी करतो, त्याला मोक्षाचे फळ लावतो आणि शेवटी मोक्षही मागे घेतो. त्यामुळे मुलाच्या पश्चात्तापाला किंमतच उरत नाही. बाप कायमचा गेला, ही जाणीव हीच त्या मुलाची खरी शिक्षा होती. तीच माफ झाली. कंटिन्युइटीच्या शंभर चुका चित्रपटाचे जे नुकसान करू शकल्या नसत्या, ते या एका प्रसंगाने केले आहे.

नितेश तिवारी यांच्या ‘भूतनाथ रिटर्न्स’मध्ये (२०१४) भगदाड आणखी रुंदावते. मुक्त झालेला भूतनाथ भूतलोकात पोहोचतो, तेथे सरकारी कचेरीला शोभेल असा कारभार चालतो आणि एका लहान मुलालाही घाबरवता आले नाही म्हणून त्याची टर उडवली जाते. पहिल्या भागातील मुक्ती म्हणजे केवळ बदलीचा हुकूम होता, असा याचा अर्थ. गंमत अशी की स्वतंत्रपणे पाहता हा दुसरा चित्रपट अधिक सुसंगत आहे. भूत केवळ अखरोट या मुलाला दिसते, हा दर्शनाचा नियम त्यात ठळक आहे आणि मृताने निवडणूक लढवू नये असे कायदा कोठे म्हणत नाही, या पळवाटेवर कथानक उघडपणे उभे आहे. वाइल्डच्या हिरव्या डागासारखेच येथे छिद्र कथेच्या कामी येते.

पहिल्या भागातील पेच सुटण्याजोगा होता, आणि उत्तर चित्रीकरणाच्या मुलखातच होते. गोव्याच्या लोकसमजुतीत देवचार हा गावाचा राखणदार मानला जातो. रात्री हातात काठी घेऊन तो शीव फिरतो, वाट चुकलेल्याला घरी पोहोचवतो. लोक त्याला रोट, विडी, दारू ठेवतात. त्याला मुक्ती द्यावयाची नसते, त्याचा मान राखावयाचा असतो. एकाकी मुलाला सांभाळणारा, घर विकू न देणारा म्हातारा या परंपरेत विनासायास बसला असता आणि त्याच्या परतण्याला कोणी छिद्र म्हटले नसते. परंतु चित्रपटाला गोव्याकडून समुद्र आणि जुना बंगला एवढेच हवे होते. दुसऱ्या भागात तर गोवाही सुटला आणि भूत धारावीत उमेदवारीचा अर्ज भरावयास गेले.