हेमंतातील गद्य

मराठी समीक्षेत हेमंत-शिशिरांचा विचार झाला तो बहुधा कवितेच्या अनुषंगाने. मर्ढेकरांनी 1939 साली आपल्या पहिल्या संग्रहाला ‘शिशिरागम’ हे नाव दिले. शिशिर म्हणजे पानगळ आणि मनाचे उजाडपण, हे समीकरण आपल्याकडे रूढच आहे. परंतु या ऋतूत मनाला लाभणारे स्थैर्य आणि त्यातून येणारे बळ यांचा भरीव पुरावा शोधू गेल्यास तो कवितेत नव्हे, गद्यात सापडतो. तो ग्रंथ ‘गीतारहस्य’ होय.

त्याचा पहिला खर्डा टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिला. चिंतन अनेक वर्षांचे, लेखन अवघ्या काही महिन्यांचे. ऋतूने ग्रंथ लिहविला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. तथापि गीतेने महिन्यांत श्रेष्ठ मानलेला मार्गशीर्ष याच काळातला, आणि त्याच्या ‘अग्रहायण’ या नावाची चर्चा टिळकांनी 1893 च्या ‘ओरायन’मध्ये केलेली होती, हे विसरता येत नाही.

या गद्याची शांतता त्याच्या रचनेत आहे. हॉब्स, मिल यांचा पक्ष आधी नीट मांडावयाचा, मग त्याचे उत्तर द्यावयाचे, अशी ही रीत आहे. कोठे कोठे वकिलाचा आवेश डोकावतो आणि विस्तारही जड होतो, हे मान्य केले पाहिजे. पण शिक्षा भोगत असलेल्या माणसाच्या वाक्यांत स्वतःविषयी करुणा येत नाही, हे त्याहून महत्त्वाचे. बाराव्या प्रकरणाचे नावच ‘सिद्धावस्था व व्यवहार’ असे आहे. काम-क्रोधांनी ग्रासलेल्या समाजात स्थितप्रज्ञाने वागावे कसे, हा त्यातील प्रश्न. येथे स्थैर्य म्हणजे निवृत्ती नव्हे.

या प्रश्नाचा धागा रायपूरपर्यंत पोचतो. ‘गीतारहस्या’चा हिंदी अनुवाद करणारे माधवराव सप्रे (1871-1926) या गावचे. मातृभाषा मराठी, लेखन हिंदी. 1908 साली टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली. त्याच वर्षी ‘हिंदी केसरी’तील लेखनाबद्दल सप्रे यांना अटक झाली आणि माफीनंतर ते सुटले. पुढे काही काळ ते सार्वजनिक जीवनापासून दूर राहिले, रामदासांच्या अभ्यासात रमले आणि ‘दासबोध’ त्यांनी हिंदीत आणला. एकाचा एकांत लादलेला, दुसऱ्याचा स्वतः पत्करलेला. न झुकलेल्याच्या ग्रंथाला माफी दिलेल्याने दुसऱ्या भाषेत वाट करून दिली. या अनुवादास केवळ भाषांतर मानणे म्हणूनच अपुरे आहे. खचलेल्या मनाने कर्माकडे परतण्याची ती कृती होती, असे मला वाटते.

रायपूरच्या गोल बाजारासारख्या जुन्या पेठेत उभे राहून हा ग्रंथ वाचावा. तेथील घासाघीस, गर्दी, देणेघेणे हाच बाराव्या प्रकरणातील ‘व्यवहार’. बाजारात उतरले की मोडते ते स्थैर्य टिळकांना नको होते. हेमंताची शांतता आपल्या समीक्षेने आजवर उदास निसर्गचित्रांत शोधली. निर्णयक्षम गद्यातही ती शोधली जावी, एवढीच अपेक्षा आहे.