सातवाहनाचा नकार : दीर्घ अद्भुतकथा कोठवर वाचावी?

साहित्यमीमांसेच्या ग्रंथांत वाचनाच्या अंती होणाऱ्या रसनिष्पत्तीची चर्चा विपुल आहे. परंतु त्या अंतापूर्वीच वाचक कोठे तरी थांबतो, ग्रंथ मिटतो आणि पुढे जावे की येथेच थांबावे असा विचार करू लागतो, त्या क्षणाचे विवेचन क्वचितच आढळते. लहान कथेच्या बाबतीत हा प्रश्न उद्भवत नाही. दीर्घ आणि संथ अद्भुतकथेच्या बाबतीत मात्र तो टाळता येत नाही. अमरावती-अकोल्याकडील आपला पदव्युत्तर विद्यार्थी आज इंग्रजीतील दहा-दहा, चौदा-चौदा खंडांच्या अद्भुत मालिका हाती घेतो आणि मध्येच कोठे तरी अडखळतो. त्याची ही अडचण केवळ आवडीनिवडीची आहे असे मानून ती सोडून देणे योग्य नव्हे. ग्रंथ अर्धवट टाकणे हाही त्या ग्रंथाविषयीचा एक निर्णयच असतो, आणि निर्णय म्हटला की त्याला कारणे द्यावी लागतात. ती कारणे कोणती असावीत, एवढाच प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाचा सर्वांत जुना आणि सर्वांत बोलका दाखला महाराष्ट्राच्याच भूमीशी निगडित आहे. गुणाढ्याच्या बृहत्कथेची हकीकत सोमदेवाने कथासरित्सागराच्या पहिल्या लंबकात दिली आहे. जलक्रीडेच्या वेळी ‘पाण्याने मारू नका’ असे राणीने संस्कृतात म्हटले असता सातवाहन राजाला त्यातील संधी उमगला नाही आणि त्याने मोदक मागविले. या फजितीने खिन्न होऊन त्याने व्याकरण शिकण्याचा ध्यास घेतला. गुणाढ्याने त्यासाठी सहा वर्षे मागितली. शर्ववर्म्याने ते सहा महिन्यांत शिकविण्याची प्रतिज्ञा केली आणि ती खरी करून दाखविली. पणात हरलेल्या गुणाढ्याने संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग केला व विंध्यारण्यात जाऊन पैशाची भाषेत सात लक्ष श्लोकांचा ग्रंथ सात वर्षांत रचला. शाई नव्हती म्हणून तो स्वतःच्या रक्ताने लिहिला. शिष्यांकरवी तो राजाकडे पाठविला असता राजाने त्याचा अव्हेर केला. तेव्हा गुणाढ्य एका टेकडीवर अग्नी पेटवून एकेक पान पशुपक्ष्यांना वाचून दाखवू लागला आणि वाचून झालेले पान अग्नीत टाकू लागला. पशू चरणे विसरून ऐकत राहिले. राजाच्या मुदपाकखान्यात नीरस मांस येऊ लागले, राजा आजारी पडला, आणि चौकशी करीत तो त्या टेकडीपाशी पोहोचला तेव्हा सहा लक्ष श्लोक जळून गेले होते. शिष्यांच्या आवडीची म्हणून राखून ठेवलेली नरवाहनदत्ताची एक लक्ष श्लोकांची कथा तेवढी उरली होती.

ही आख्यायिका आहे, इतिहास नव्हे. परंतु टीकाशास्त्राच्या दृष्टीने ती अत्यंत अर्थपूर्ण आहे. राजाने ग्रंथ नाकारताना त्याचा विस्तार, त्याची भाषा आणि ती रक्ताची अक्षरे या तीन गोष्टींचा उल्लेख केला. यांपैकी एकही गोष्ट समजण्यासाठी ग्रंथ वाचावा लागत नाही; तो नुसता पाहिला तरी पुरे. राजाचा नकार वाचनानंतरचा नाही, वाचनापूर्वीचा आहे. शिवाय ज्या राजाने सहा वर्षांची विद्या सहा महिन्यांत पदरात पाडून घेतली, त्याच राजापुढे सात वर्षे खपून रचलेला ग्रंथ आला, ही योजना कथाकाराने सहज केलेली दिसत नाही. आडवाटेने जलद पोहोचण्याची सवय झालेल्या बुद्धीला लांबच लांब राजमार्ग निरर्थक वाटतो, हे या दोन प्रसंगांच्या संनिधीतून सूचित होते. पशूंनी मात्र एकेक पान ऐकले. त्यांना ग्रंथ किती मोठा आहे हे ठाऊकच नव्हते.

वऱ्हाडातील अभ्यासकाला या आख्यायिकेविषयी विशेष आपुलकी वाटावी असे एक कारण आहे. सोमदेवाने गुणाढ्याच्या मातेचे नाव श्रुतार्था आणि तिच्या दोन भावांची नावे वत्स व गुल्मक अशी दिली आहेत. कामसूत्राच्या जयमंगला टीकेत वत्स आणि गुल्म या दक्षिणापथातील दोन राजपुत्रांवरून वत्सगुल्म हे स्थाननाम सांगितले आहे. वत्सगुल्म म्हणजे आजचे वाशीम. १९९८ पर्यंत ते अकोला जिल्ह्यातच मोडत होते. तेथे १९३९ साली सापडलेल्या विंध्यशक्ती वाकाटकाच्या ताम्रपटात वंशावळ संस्कृतात आणि दानाचा मजकूर प्राकृतात आहे. संस्कृत आणि प्राकृत या प्रदेशात एकाच पत्र्यावर नांदत होत्या. राजशेखराने काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचा विवाह विदर्भातील याच नगरात झाल्याचे वर्णिले आहे. कथेचा जनक या भूमीचा भाचा होता असे ऐतिहासिक विधान यावरून करता येणार नाही. मात्र कथेची परंपरा जतन करणाऱ्यांच्या स्मृतीत या भूमीचे नाव गुंतलेले होते, इतके म्हणण्यास हरकत नाही.

आता प्रत्यक्ष ग्रंथाकडे वळू. मूळ बृहत्कथा लुप्त झाली. अकराव्या शतकात काश्मीरात सोमदेवाने तिचे जे संस्कृत रूप सिद्ध केले ते १८ लंबक, १२४ तरंग आणि सुमारे २१ हजार श्लोक इतके विस्तृत आहे. त्याचा नायक नरवाहनदत्त. हा नायक जन्माला येतो तो २३ व्या तरंगात! तोपर्यंत ग्रंथाची पूर्वपीठिका, उदयन आणि वासवदत्ता यांची कथा, आणि त्या कथांच्या पोटातील असंख्य उपकथा वाचून झालेल्या असतात. पुढे नायक विद्याधरांचा चक्रवर्ती होणार हे त्याच्या जन्माच्या वेळीच सांगून टाकलेले असते. तो राज्याभिषेक १५ व्या लंबकात होतो. बाराव्या लंबकात, म्हणजे ३६ तरंगांच्या दीर्घ विस्तारात, नायक जवळजवळ काहीच करीत नाही. प्रियेच्या विरहात तो एका मुनीकडून मृगांकदत्ताची कथा ऐकत असतो, आणि सुप्रसिद्ध वेताळपंचविशी हीदेखील त्या कथेतील एका पात्राने सांगितलेली असते.

‘पुढे काय होते’ या एकाच उत्कंठेने वाचणारा वाचक येथे थकणार हे उघड आहे. पण या रचनेचा आधार उत्कंठा हा नाहीच. शेवट आधी सांगून टाकल्यामुळे तिला येथे वावच ठेवलेला नाही. नायक स्वतः एक श्रोता आहे. विरहाचा काळ तो कथा ऐकून कंठतो, आणि वाचकही त्याच्याबरोबर ऐकत असतो. प्रत्येक उपकथा आपापल्या ठिकाणी पूर्ण असते. वेताळाच्या प्रत्येक कथेअखेरीस तर राजाला न्याय करावा लागतो आणि वाचकालाही तो मनाशी करावा लागतो. रचना संथ असली तरी वाक्य संथ नाही. सोमदेवाची पदरचना लहान समासांची, प्रसन्न आणि सरळ आहे. वैदर्भी रीतीचा प्रसादगुण तिच्यात भरपूर आहे. वऱ्हाडात चातुर्मासात पोथी लावतात आणि रोज एक अध्याय ऐकतात, त्या श्रवणाला जे माप योग्य तेच माप या ग्रंथालाही योग्य आहे. एका बैठकीत ग्रंथ संपविण्याची घाई त्या श्रोत्यांना कधीच नव्हती.

विस्तार आणि संथपणा या दोन भिन्न गोष्टी आहेत, हे सिद्ध करणारा एक प्रयोग संस्कृत वाङ्मयात आयताच झालेला आहे. सोमदेवाच्याच काळात आणि काश्मीरातच क्षेमेंद्राने त्याच कथेचा संक्षेप बृहत्कथामंजरी या नावाने केला. त्यात सुमारे साडेसात हजार श्लोक आहेत, म्हणजे सोमदेवाच्या ग्रंथाच्या जवळजवळ एक तृतीयांश. विस्तार हाच दोष असता, तर हा ग्रंथ अधिक वाचनीय ठरावयास हवा होता. प्रत्यक्षात संक्षेपाच्या भरात अनेक कथांचे दुवे तुटले, काही ठिकाणी आशय दुर्बोध झाला, आणि सोमदेवाचा ग्रंथ जसा लोकप्रिय झाला तसा क्षेमेंद्राचा झाला नाही. लहान ग्रंथ कंटाळवाणा आणि मोठा ग्रंथ सुखद होऊ शकतो. पृष्ठसंख्या मोजून पुढे जाण्याचा वा थांबण्याचा निर्णय घेणारा वाचक सातवाहनाचीच चूक पुन्हा करीत असतो.

याचा अर्थ प्रत्येक संथ ग्रंथ शेवटपर्यंत वाचलाच पाहिजे असा मुळीच नाही. संथपणाचे किमान तीन प्रकार मानावे लागतील, आणि प्रत्येक प्रकारात निर्णयाची उचित जागा वेगळी असते.

पहिला प्रकार उपकथांच्या संथपणाचा. त्याचे उदाहरण कथासरित्सागर होय. येथे वाचक कोणत्याही उपकथेच्या अखेरीस थांबला तरी अन्याय होत नाही. जे वाचले ते पूर्णच वाचले. पुन्हा केव्हाही तो परतू शकतो.

दुसरा प्रकार वर्णनाच्या संथपणाचा. बाणभट्टाची कादंबरी हे त्याचे शिखर. येथे विलंब घटनांच्या मांडणीतच नव्हे, तर प्रत्येक वाक्यात भरलेला आहे. एकोणिसाव्या शतकात वेबर या जर्मन पंडिताने बाणाच्या गद्याची तुलना निबिड अरण्याशी केली. ती तुलना निंदेने केलेली असली, तरी ग्रंथाचा स्वभाव तिने नेमका सांगितला. अशा ग्रंथाविषयी निर्णय थोड्याच पृष्ठांत घेता येतो, कारण जे पुढे मिळावयाचे तेच पहिल्या वर्णनातही मिळत असते. ज्याला शूद्रकाच्या सभेत गोडी वाटली नाही, त्याला अच्छोद सरोवराच्या काठीही ती वाटण्याचा संभव कमी. हा ग्रंथ बाणाच्या हातून अपूर्ण राहिला आणि त्याच्या पुत्राने तो पुरा केला. अशा अपूर्ण आणि संथ अद्भुतकथेचेच नाव मराठीने पुढे साऱ्या दीर्घ गद्यकथांना दिले, हे आपण सहसा लक्षात घेत नाही.

तिसरा प्रकार प्रतीक्षेच्या संथपणाचा, आणि आधुनिक मालिकांचा खरा प्रश्न येथेच आहे. रॉबर्ट जॉर्डन या अमेरिकन लेखकाची ‘द व्हील ऑफ टाइम’ ही मालिका १९९० साली सुरू झाली. २००७ साली लेखक निवर्तला. त्याच्या टिपणांच्या आधारे ब्रँडन सँडरसन याने अखेरचे तीन खंड लिहिले आणि चौदावा खंड २०१३ साली निघाला. या मालिकेचा २००३ सालचा दहावा खंड संथपणासाठी कुप्रसिद्ध आहे. नवव्या खंडाच्या अखेरीस एक महत्त्वाची घटना घडते. ती घडत असताना इतर पात्रे कोठे होती आणि काय करीत होती, याच्याच निवेदनात दहाव्याचा बराच भाग खर्ची पडतो. येथे उपकथेची पूर्णता नाही आणि वाक्याचे सौंदर्य हे प्रयोजनही नाही. या खंडाचे मूल्य पुढील खंडात त्याचे काय होते यावर अवलंबून राहते. २००५ सालच्या अकराव्या खंडात कथेने पुन्हा वेग घेतला. अशा रचनेत विलंबाच्या ऐन मध्यावर थांबून न्याय करणे म्हणजे ऋणाची मुदत भरण्यापूर्वीच ऋणकोला बुडवा ठरविणे होय. वाचकाने लेखकाच्या पुढील वचनाची मुदत भरेपर्यंत वाचावे. ते वचन पाळले गेले नाही, तर निःशंकपणे थांबावे. दुसऱ्या मुदतीपर्यंत वाट पाहण्याचे बंधन त्याच्यावर नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, एवढे खंड वाचल्यावर आता सोडणे म्हणजे केलेला श्रम वाया घालविणे होय. हा युक्तिवाद भ्रामक आहे. वाचलेल्या भागाने जे दिले ते दिलेच आहे, आणि जे दिले नाही ते उरलेले खंड केवळ संपविल्याने मिळणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. विद्यार्थ्याचा काळ मर्यादित आहे. परीक्षेचा, प्रबंधाचा आणि पुष्कळदा उपजीविकेचाही भार त्याच्यावर असतो. पहिल्या वचनाची मुदत भरेपर्यंत सहस्रावधी पृष्ठे वाचण्यास त्याला कसे सांगावे? याचे उत्तर असे की, त्याने थांबण्यास प्रत्यवाय नाही. प्रत्यवाय आहे तो थांबल्यावर संपूर्ण ग्रंथाविषयी बोलण्यास. दहाव्या खंडाशी थांबलेल्या वाचकाला आपण दहा खंड वाचले आणि विलंबाने आपल्याला येथे पराभूत केले, असे सांगण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि ते विधान टीका म्हणून मौल्यवानही आहे. मालिका निरर्थक आहे असे म्हणण्याचा अधिकार मात्र त्याने अद्याप संपादन केलेला नाही. आपल्या प्रबंधांतून व परीक्षणांतून ही मर्यादा क्वचितच पाळली जाते. किती वाचले आणि कोठे थांबलो हे टीकाकाराने प्रारंभीच नमूद करण्याची प्रथा पडली, तर आपल्या टीकेची विश्वासार्हता निश्चितच वाढेल.

थांबलेल्या वाचकाच्या निर्णयाचा परिणाम त्याच्यापुरताच राहतो असेही नाही. ग्रंथ टिकतात ते कोणी तरी पुढे वाचीत राहिल्यामुळे. बृहत्कथेची काश्मीरी रूपे उरली, नेपाळात सापडलेला बुधस्वामीचा अपूर्ण श्लोकसंग्रह उरला, महाराष्ट्री प्राकृतातील जैन वसुदेवहिंडी उरली. मूळ पैशाची ग्रंथ उरला नाही. तो कसा नष्ट झाला याचे उत्तर आख्यायिकेने आपल्या पद्धतीने दिले आहे, आणि त्यात दोष अग्नीचा दाखविलेला नाही. सातवाहनाने शंभर श्लोक वाचून ग्रंथ परत केला असता, तर त्याच्याशी मतभेद करता आला असता. त्याने तो उघडलाच नाही, म्हणून त्याच्या नकाराला टीका म्हणता येत नाही. आपल्या विद्यार्थ्याने सर्व काही वाचावे अशी अपेक्षा नाही. आपला नकार त्या राजाच्या नकारापेक्षा वेगळा आहे, एवढे त्याला दाखविता आले पाहिजे.