झीनाचा संसार

२००० सालच्या ऑक्टोबरमध्ये ‘झीना : वॉरियर प्रिन्सेस’ या अमेरिकी मालिकेचा सहावा आणि शेवटचा हंगाम सुरू झाला. पहिल्या भागाचे नाव होते ‘कमिंग होम’ आणि लेखिका होत्या मेलिसा गुड. दूरचित्रवाणीच्या धंद्याला हे नाव नवे होते. इंटरनेटवर झीनाच्या कथा वाचणाऱ्यांना मात्र ते चांगलेच ठाऊक होते. गुड या फ्लोरिडातल्या नोकरदार बाई, संगणकांच्या जाळ्यांचे काम करणाऱ्या. मालिका पाहायची, तिच्यातल्या पात्रांना घेऊन स्वतःच्या कथा लिहायच्या आणि त्या फुकट वाचायला द्यायच्या, असा त्यांचा काही वर्षांचा शिरस्ता होता. अशा लेखनाला फॅन फिक्शन म्हणतात. मालिकेचे सूत्रधार रॉब टॅपर्ट यांनी त्यांना बोलावले आणि सहाव्या हंगामातले दोन भाग त्यांच्या नावावर जमा झाले.

गुड यांची ही हकिकत नेहमी बढतीच्या गोष्टीसारखी सांगितली जाते. प्रेक्षकांत बसलेली बाई उठून रंगमंचावर गेली, असा तिचा सूर असतो. मला तो पटत नाही. त्या दोन भागांसाठी गुड यांची आठवण ठेवायची तर नाटकात एकदा भालदार झाला म्हणून एखाद्या कीर्तनकाराचे कौतुक करण्यासारखे होईल. त्यांचे खरे काम मालिकेच्या बाहेर आहे, आणि ते काय आहे हे समजायला आधी मालिकेत काय नव्हते ते पाहावे लागते.

१९९५ ते २००१ या काळात झीनाचे १३४ भाग झाले. चित्रीकरण न्यूझीलंडमध्ये, कथा कुठल्याशा प्राचीन ग्रीसमधली. एके काळी गावेच्या गावे जाळणारी झीना पश्चात्तापाने लोकांच्या रक्षणाला निघते. तिच्याबरोबर खेड्यातली गॅब्रिएल ही गोष्टीवेल्हाळ मुलगी चालू लागते आणि झीनाचे पराक्रम गुंडाळ्यांवर लिहून ठेवते. दर भागात नवा गाव, नवा राक्षस, नवी लढाई. रात्र झाली की शेकोटी. या दोघींचे एकमेकींवर प्रेम आहे हे पाहणाऱ्याला कळत होते, लिहिणाऱ्यांनाही कळत होते, पण ते उघड म्हणायचे नाही असा अलिखित करार होता. परिणामी सहा वर्षे एकत्र राहिलेल्या या दोन बायकांना धड चूल मिळाली नाही.

गुड यांच्या कथांत चूल आहे. खरे तर जरा जास्तच आहे. त्यांच्या झीना-कथांत लढाया येतात, पण लेखिकेचा जीव रमतो तो लढाईनंतर: जखम कोणी धुतली, कोण कोणावर रागावून झोपली, सकाळी खायला काय केले. पानेच्या पाने जेवणात जातात. वाचकाने कंटाळावे असे हे लेखन आहे आणि कित्येकदा मी कंटाळलोही. पण ज्या वाचकांसाठी ते लिहिले गेले त्यांना नेमके तेच हवे होते. मालिकेने त्यांना दोघींचा पराक्रम दाखवला होता. संसार दाखवला नव्हता.

या मंडळींनी ‘युबर’ नावाचा एक कथाप्रकारही रुजवला. त्यात झीना आणि गॅब्रिएल वेगळ्या काळात, वेगळ्या नावांनी, वेगळ्या देहांत भेटतात. वाचकाला मात्र कळते की या त्याच दोघी. युक्तीचे बीज मालिकेतच होते. ‘द झीना स्क्रोल्स’ या दुसऱ्या हंगामातल्या भागात १९४० च्या दशकातल्या दोन बायका झीनाच्या गुंडाळ्या शोधतात, आणि त्यांच्या भूमिका त्याच दोन नट्यांनी केल्या आहेत. पुढे १९९९ मध्ये मालिका भारतातही आली. ‘बिट्वीन द लाइन्स’ या भागात कर्मचक्र आणि पुनर्जन्म यांचा सढळ वापर आहे. त्यात पुढच्या जन्मी झीना शांततेचा मार्ग सांगणारी वृद्धा होते आणि गॅब्रिएल शक्ती नावाचा पुरुष योद्धा. लगेच पुढच्या भागात कृष्ण आणि हनुमान आले, त्यावर हिंदू संघटनांनी आक्षेप घेतला, आणि तो भाग काही काळ मागे घेऊन नंतर काटछाट करून दाखवावा लागला. अमेरिकी वाचकांना युबर ही नवलाईची गोष्ट वाटली. आपल्याकडे आजीच्या गोष्टीतही मागचा जन्म असतो, त्यामुळे आपल्याला त्यात चमत्कार वाटत नाही. उलट प्रश्न पडतो की जन्म बदलला, नाव बदलले, देश बदलला, तर मागचे उरते काय?

या प्रश्नाला गुड यांनी दिलेले उत्तर म्हणजे ‘ट्रॉपिकल स्टॉर्म’ ही त्यांची सर्वांत गाजलेली कादंबरी. आधी युबर म्हणून लिहिलेली, नंतर पुस्तकरूपाने छापली गेलेली. झीनाची इथे डार रॉबर्ट्‌स होते: मायामीतल्या एका अवाढव्य संगणक कंपनीतली वरिष्ठ अधिकारी, कामात वाघीण, माणसांशी तुटक. गॅब्रिएलची होते केरी स्टुअर्ट: डारच्या कंपनीने गिळलेल्या एका लहान कंपनीतली बाई. पहिल्याच भेटीत दोघी टेबलाच्या दोन बाजूंना आहेत. डारला खर्च कापायचा आहे आणि केरीला आपल्या हाताखालच्या माणसांच्या नोकऱ्या वाचवायच्या आहेत.

प्राचीन ग्रीसमधली सेनानी गावे जाळत होती. विसाव्या शतकाच्या अखेरीस तेच काम कोण करते, तर खाती बंद करणारा अधिकारी. हे रूपांतर इतके अचूक आहे की फॅन फिक्शन म्हणजे भाबडे स्वप्नरंजन असे म्हणणाऱ्यांनी निदान ही सुरुवात तरी वाचावी. बोईसरच्या एमआयडीसीत राहणाऱ्या वाचकाला ती जास्तच कळेल. मालक बदलला, नवा व्यवस्थापक आला, आणि गेटवर कोणाला आत घ्यायचे याची यादी लागली, हे दृश्य तारापूर पट्ट्यात कोणाला समजावून सांगावे लागत नाही. गुड स्वतः नोकरदार असल्यामुळे कार्यालय त्यांना आतून माहीत आहे. रात्री बंद पडलेली यंत्रणा, सकाळच्या बैठकीतले राजकारण, वरच्यांची खुशामत, हे सारे त्या सहज लिहितात. हीच त्यांची ताकद.

आणि इथेच त्यांची मर्यादाही. कादंबरी जसजशी पुढे जाते तसतसे प्रेम वाढत जाते आणि ज्या माणसांसाठी केरी भांडत होती ती माणसे मागे पडतात. डारला सगळे येते, सगळे जमते. केरीचा राजकारणी बाप इतका एकसुरी दुष्ट आहे की त्याच्याशी झुंजण्यात काही मौज राहत नाही. चाहत्यांच्या लेखनातला हा जुना दोष आहे: जे पात्र आपण जपतो त्याला लागू देत नाही. गुड यांच्यासारख्या कसलेल्या लेखिकेलाही तो टाळता आला नाही.

हे सारे अमेरिकेतले झाले. आपल्या डहाणू लोकलच्या महिला डब्यातही फोनवर जे वाचले जाते त्यात ‘सीआयडी’च्या कथा असतात. ही मालिका १९९८ च्या जानेवारीत सुरू झाली, २०१८ पर्यंत चालली, २०२४ च्या डिसेंबरात पुन्हा आली. भाषा हिंदी असली तरी तिची मुंबई आपली, तिचे एसीपी शिवाजी साटम आपले. चाहत्यांनी तिच्यावर रचलेल्या कथांचा साठा प्रचंड आहे. बहुतेक हिंदी, तीही रोमन लिपीत टंकलेली, मधूनच इंग्रजी. अभिजित आणि तारिका यांच्या जोडीला चाहत्यांनीच ‘अभिरिका’ हे नाव दिले. पण मला लक्षणीय वाटतात त्या दया आणि अभिजित यांच्या मैत्रीच्या कथा. एकाला ताप आलेला असतो, दुसरा खिचडी करून त्याला दटावून भरवतो. गुन्हा कथेत असतो किंवा नसतोही. वीस वर्षे लोकांची दारे फोडणाऱ्या दयाचे स्वतःचे घर आपण पाहिले तरी किती? मालिकेने जे दाखवले नाही ते चाहत्या लिहितात, आणि यातल्या बहुतेकींनी झीनाचे किंवा गुड यांचे नावही ऐकलेले नसणार. प्रभाव दाखवता येत नाही, पण भूक तीच आहे. उलट आपल्या मराठी कौटुंबिक मालिकांवरच्या ज्या कथा मी वाचल्या त्या मला फिक्या वाटल्या. तिथे घरच घर असते. भरायला रिकामी जागा राहत नाही.

महाराष्ट्रातल्या बायकांनी हे काम फार पूर्वी जात्यावर केले आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी जमवलेल्या जात्यावरच्या ओव्यांची संख्या एक लाखाच्या पुढे जाते. त्यात सीता वारंवार येते, पण ती राजकन्या म्हणून क्वचित. ती सासुरवाशीण असते. ग्रंथाने तिला वनवास दिला, गाणाऱ्या बाईने त्या वनवासात आपले दुःख घातले. यावरून ओवी म्हणजे फॅन फिक्शन असे कोणी म्हणू लागले तर मी विरोध करीन, कारण सीतेवर कोणत्या कंपनीची मालकी नव्हती. झीनावर आहे. दयावर आहे.

मालकीचा मुद्दा इथे येतो. चाहत्यांच्या लेखनाचा पायाभूत अभ्यास म्हणजे हेन्री जेन्किन्स यांचे १९९२ चे ‘टेक्स्च्युअल पोचर्स’. मिशेल द सर्तो या फ्रेंच विचारवंताकडून उचललेली त्यांची उपमा अशी की चाहता म्हणजे दुसऱ्याच्या राखीव रानात शिरून चोरटी शिकार करणारा. जेन्किन्स हे कौतुकाने म्हणतात. तरीही ही उपमा जमीनदाराच्या ओसरीवरून सुचलेली आहे, आणि पालघर जिल्ह्यात बसून ती वाचताना खटकते. रानात शिरणाऱ्याला चोर ठरवण्याचा इतिहास इथे फार लांबचा नाही. १९४५ चा वारल्यांचा लढा आणि गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ ज्यांनी वाचले आहे त्यांना माहीत आहे की कुंपण नेहमी माणसाच्या नंतर येते. २००६ च्या वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर, म्हणजे मोह, डिंक, मध, तेंदूपाने यांच्यावर, तिथल्या रहिवाशांचा हक्क मान्य केला: गोळा करण्याचा, वापरण्याचा, विकण्याचाही. झाड तोडायचे नाही, पण झाडाने जे खाली टाकले ते वेचणाऱ्याचे.

गुड यांच्या लेखनाला ही भाषा जास्त लागू पडते. त्यांनी झीनाचे झाड तोडले नाही. मालिकेला ज्याचा उपयोग नव्हता, शेकोटीपाशीची ती पडून राहिलेली शांतता, तेवढी त्यांनी वेचली. मात्र विकायचा हक्क त्यांना नव्हता. त्यासाठी झीनाची डार करावी लागली. ‘फिफ्टी शेड्‌स’च्या लेखिकेने ‘ट्वायलाइट’वरच्या आपल्या कथेची नावे बदलून पुढे मोठी बाजारपेठ गाठली. तोच रस्ता गुड यांनी कितीतरी आधी, लहान प्रकाशनांच्या आधाराने, चालून दाखवला होता.

वेचलेल्या मालाची किंमत कळायला दुसऱ्या टोकाकडून पाहावे लागते. तेंडुलकरांचे ‘मित्राची गोष्ट’ १९८१ मध्ये रंगमंचावर आले. एका बाईचे दुसऱ्या बाईवरचे प्रेम मराठी रंगभूमीवर इतक्या उघडपणे मांडणारे ते धाडसी नाटक, आणि शेवटी मित्रा आत्महत्या करते. १९९८ च्या अखेरीस ‘फायर’ आला तेव्हा मुंबईतल्या चित्रपटगृहांची मोडतोड झाली. २००१ च्या जूनमध्ये झीनाचा शेवटचा भाग दाखवला गेला. त्यात चाळीस हजार आत्म्यांच्या मुक्तीसाठी झीना मेलेलीच राहते आणि गॅब्रिएल एकटी जहाजावर उभी असते. तेंडुलकर प्रामाणिक होते, टॅपर्टही असतील. पण धाडसी लेखकसुद्धा अशा बाईला मरण देऊन मोकळे होतात, ही खोड दोन खंडांत सारखीच दिसते. गुड यांच्या दोघी मरत नाहीत. भाड्याने घ्यायचे की विकत, कुत्र्याला कुठे ठेवायचे, आईला कसे सांगायचे, यावर त्या हजारो पाने वाद घालतात. शैलीच्या दृष्टीने हा पसारा आहे. पण ज्या वाचक बाईला आपल्यासारख्यांचे म्हातारपण कोणत्याच पुस्तकात सापडलेले नाही तिला या पसाऱ्यात काय मिळत असेल, याचा विचार केल्याशिवाय त्याला नावे ठेवणे समीक्षकाला शोभत नाही.

त्या दोन भागांपैकी ‘कमिंग होम’ सामान्य आहे. वेडावलेला युद्धदेव, ॲमेझॉन बायकांवर चालून आलेली फौज, धावपळ. ‘लेगसी’ हा दुसरा भाग मात्र चांगला आहे. उत्तर आफ्रिकेच्या वाळवंटात अंधारात कोणीतरी झीनाच्या अंगावर येतो आहे असे गॅब्रिएलला वाटते आणि ती शस्त्र फेकते. मरतो तो कोरा नावाचा कोवळा मुलगा. त्याच्याजवळ शस्त्र नसते, गुंडाळी असते. जिने आयुष्यभर गुंडाळ्या लिहिल्या तिने गुंडाळी घेऊन आलेल्याला मारले. झीना हे झाकू पाहते. गॅब्रिएल झाकू देत नाही. जपलेल्या पात्राला लागू न देण्याची जी सवय वर सांगितली ती इथे गुड यांनी मोडली. मालिकेच्या चौकटीत त्यांना लाड करायला जागाच नव्हती, आणि मला वाटते त्याचा त्यांना फायदा झाला.

त्यानंतर त्या डार आणि केरीकडे परतल्या आणि मालिका संपल्यावरही त्यांच्यावर कादंबऱ्या लिहीत राहिल्या. वादळे येतात, कंपनीत संकटे येतात, आणि दोघी घरी पोचतात तेव्हा दारात चिनो नावाची लॅब्रॅडोर कुत्री शेपूट हलवत उभी असते.