लसपुरवठ्याची ‘हिरवी’ मॉडेलं वाचताना आधी भाजक बघा

पीएचडीसाठी विषय शोधताय आणि सप्लाय चेन हे क्षेत्र डोक्यात आहे? मग ‘पर्यावरणस्नेही लसपुरवठा साखळीची रचना’ या विषयावरचे पेपर तुमच्या हाती येतीलच. विषय चांगला आहे, गरजेचाही आहे. पण यातल्या बऱ्याच पेपरांमध्ये एक पद्धत रुळली आहे आणि तिच्यावर माझा आक्षेप आहे. तो नीट मांडते, पटतो का बघा.

साचा साधारण असा असतो. गोदामं कुठे ठेवायची, कोणत्या मार्गाने किती लस पाठवायची, हे ठरवणारं एक गणिती मॉडेल. त्याची उद्दिष्टं दोन-तीन: खर्च कमी, कार्बन उत्सर्जन कमी आणि जमलं तर जास्तीत जास्त मागणी पूर्ण. उत्सर्जन कसं मोजायचं? गाडीचे किलोमीटर गुणिले उत्सर्जन गुणांक, त्यात गोदामाची वीज मिळवायची. आणि या बेरजेला पोहोचवलेल्या डोसांनी भागायचं. उत्तर येतं ‘प्रति डोस इतके ग्रॅम’.

आक्षेप या भाजकावर आहे. पोहोचलेला डोस म्हणजे टोचलेला डोस नव्हे.

आपल्याकडचंच उदाहरण घेऊ. लस कंपनीतून निघते, मोठ्या सरकारी भांडारांतून राज्य, विभाग, जिल्हा असे टप्पे पार करत प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या आयएलआर फ्रीजमध्ये येते. तापमान २ ते ८ अंश सेल्सिअस. तिथून बर्फाचे पॅक भरलेल्या व्हॅक्सिन कॅरियरमधून गावातल्या लसीकरण सत्राला जाते. अनेक मॉडेलं आरोग्य केंद्राच्या दारातच थांबतात. खरी गंमत मात्र त्याच्या पुढे आहे.

गोवर-रुबेलाची १० डोसांची कुपी घ्या. द्रावक मिसळलं की ती ४ तासांत वापरायची, उरलेली टाकून द्यायची. पाड्यावर ४ बाळं आली तर ६ डोस वाया. पेंटाव्हॅलंटची उघडलेली कुपी मात्र अटी पाळल्या तर २८ दिवस चालते. म्हणजे ‘वाया जाण्याचं प्रमाण’ सगळ्या लशींना एकच धरून चालत नाही. लस कोणती, कुपी किती डोसांची आणि सत्राला मुलं किती येतात, यावर ते ठरतं.

आता छोटा हिशोब करू. आकडे फक्त समजण्यासाठी धरलेले आहेत. १० डोसांच्या एका कुपीमागे १०० ग्रॅम उत्सर्जन होतं. ५ डोसांची कुपी डोसामागे जास्त जागा खाते, म्हणून तिचं ७० ग्रॅम धरू. पोहोचलेल्या डोसामागे मोठी कुपी १० ग्रॅम, लहान १४. मोठी जिंकली. पण सत्राला ४ मुलं आली तर टोचलेल्या डोसामागे मोठी २५ ग्रॅम आणि लहान १७.५. निकाल उलटा! डेटा तोच, गणित तेच. फक्त भाजक बदलला.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. उत्सर्जन कमी करण्याचा सगळ्यात सोपा मार्ग मॉडेलला कोणता दिसतो? लांबच्या फेऱ्या कमी करणे. गडचिरोलीतलं भामरागड घ्या. पावसाळ्यात पर्लकोटेला पूर आला की तालुक्याचा संपर्क तुटतो. अंतर जास्त, मुलं कमी. मॉडेलच्या नजरेत अशी फेरी सगळ्यात महाग आणि सगळ्यात प्रदूषण करणारी. ती गाळली तरी राज्याची सरासरी जवळपास हलत नाही. आलेखावरचा ‘हिरवा’ बिंदू छान दिसतो. पण गोवर सरासरी बघून पसरत नाही, लस न मिळालेली मुलं जिथे एकत्र असतात तिथे तो पसरतो. म्हणून व्याप्ती हे तडजोडीचं उद्दिष्ट न ठेवता प्रत्येक भागासाठी अट म्हणून घाला. आधी मूल, मग ग्रॅम.

याचा अर्थ हे संशोधन टाकाऊ आहे असा मुळीच नाही. फ्रीज कोणता घ्यावा, या प्रश्नावर त्याचा खरा उपयोग आहे. एचएफसी-१३४ए हा शीतक गळला तर कार्बन डायऑक्साइडच्या हजार पटीहून जास्त तापमानवाढ करतो, आयसोब्युटेनचा परिणाम त्या मानाने नगण्य. सौरऊर्जेवर थेट चालणाऱ्या फ्रीजना वीज साठवायला बॅटरीही लागत नाही. असे पर्याय मॉडेलमध्ये आणणं मोलाचं आहे.

आणि कधीकधी उत्तर साखळीत नसतंच, लशीत असतं. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली मेनॅफ्रिव्हॅक ही आफ्रिकेतल्या मेंदूज्वरावरची लस. २०१२ मध्ये तिला ४० अंशांपर्यंतच्या तापमानात ४ दिवसांपर्यंत ठेवायची परवानगी मिळाली. शेवटच्या टप्प्यातल्या बर्फाची गरजच गेली. ‘थंडी हवीच’ असं गृहीत धरलेलं मॉडेल हा पर्याय शोधूच शकत नाही.

तेव्हा पुढचा पेपर उघडलात की सारांशातली टक्केवारी बाजूला ठेवा आणि थेट गृहीतकांच्या पानावर जा. भागाकार कशाने केलाय? साखळी कुठे संपवलीय? हिरव्या उत्तरात कोणत्या गावाची फेरी गेली? यातल्या एका प्रश्नाचं उत्तर जरी पेपरमध्ये सापडलं नाही, तरी तुमच्या प्रबंधाला प्रश्न मिळाला म्हणून समजा.